पुरीला पाहुणचार चालत नाही

घरात नवा जीव आला की आपण आधी त्याला मांडीवर घेतो, मग खायला घालतो आणि मग शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो. बाळ असो, मांजराचं पिल्लू असो की नवी सून असो (सुनेच्या बाबतीत मांडी वगळून), हा क्रम सहसा चुकत नाही. घोरपडीच्या बाबतीत मात्र या तिन्ही गोष्टी तिच्या जिवावर उठू शकतात. हे ज्ञान मला उतारवयात, टेक्सासात, स्वतःच्या नातवाकडून मिळालं.

आमची मुलगी डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये राहते. नातवाला केव्हापासून कुत्रा हवा होता आणि जावयांना केसाळ प्राण्यांची ॲलर्जी आहे. दोघांचंही समाधान करील असा बिनकेसाचा प्राणी शोधता शोधता घरात सवाना मॉनिटर आला. फोनवर मुलगी म्हणाली होती, "बाबा, सरडा आणलाय हो त्याला, छोटासा." आम्ही पोचलो तेव्हा तो छोटासा सरडा भल्या मोठ्या काचेच्या पेटीत मातीखाली दडलेला होता आणि नाकाचा शेंडा तेवढा वर होता. तेवढ्यावरून मी निकाल दिला, "अगं, सरडा कसला, ही घोरपड!" सातारा जिल्ह्यात लहानपण गेलेल्या माणसाला इतपत कळतं. ते ऐकताच आमची ही दोन पावलं मागे सरली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो देव्हारा कुठल्या खोलीत आहे हा.

आपल्याकडची घोरपड म्हणजे व्हरॅनस बेंगालेन्सिस आणि ही व्हरॅनस एक्झॅन्थेमॅटिकस. (हे नाव घेताना कवळी सांभाळावी लागते.) हिचं माहेर पश्चिम आफ्रिकेतली गवताळ माळरानं. घाना, टोगो, बेनिन या देशांमधून तिची पिल्लं मोठ्या संख्येने अमेरिकेत येतात. बऱ्याच वेळा गाभण माद्या पकडून, त्यांची अंडी उबवून पिल्लं पाठवतात. दुकानात ती वीतभर असते, स्वस्त असते आणि तिचे डोळे मोठे, भोळे दिसतात. पुढे ती तीन-साडेतीन फुटांची होते, तिला आठ फूट लांब नि चार फूट रुंद घर लागतं आणि नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षं जगते. दुकानदार यातलं वीतभर, स्वस्त आणि भोळे एवढंच सांगतो. नर की मादी हे लहानपणी ओळखू येत नाही, त्यामुळे नावाचा प्रश्न होता. नातवाने तो सोडवला. हात जवळ नेला की ती अंग टम्म फुगवते, म्हणून पुरी.

पुरी आणि आम्ही दोघं जवळपास एकाच सुमाराला त्या घरात आलो होतो आणि आमची लक्षणंही सारखीच होती. जेवण जात नव्हतं. भलत्या वेळी जाग येत होती. अनोळखी यंत्रांचे आवाज आले की मान वळत होती आणि दिवसाचा बराच वेळ पांघरुणाखाली जात होता. तिचं मातीचं, आमचं रजईचं. फरक उपचारांत होता. पुरीसाठी डॉक्टरांनी लेखी सूचना दिल्या होत्या. पहिले काही आठवडे हातात घ्यायचं नाही, पाहुण्यांना दाखवायचं नाही, पेटीच्या दर्शनी काचेला कागद लावायचा, पाणी ताजं ठेवायचं, दिव्यांची वेळ पाळायची आणि खाल्लं नाही म्हणून मागे लागायचं नाही. आमच्यासाठी कोणी अशी चिठ्ठी लिहून दिली नाही. आम्हाला दुसऱ्याच दिवशी मॉलमध्ये नेलं आणि संध्याकाळी जेवायला चार मराठी कुटुंबं बोलावली. त्यांतल्या प्रत्येकाने आम्हाला "झोप झाली का नीट?" असं विचारलं आणि पुरीच्या काचेवर टकटक केली.

ती टकटक नातवाला सहन होईना. त्याने वहीच्या कागदावर "डू नॉट डिस्टर्ब" लिहून पेटीवर चिकटवलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. माळरानावर वीतभर घोरपडीला सगळेच खातात: साप खातात, शिकारी पक्षी खातात, थोराड घोरपडीसुद्धा सोडत नाहीत. वरून खाली येणारी कुठलीही वस्तू तिच्या लेखी घारीची झडप असते, मग त्या हाताला कितीही माया असो. फुगणं, फुसकारणं, शेपटीचा फटका हे सगळं त्या भीतीचं बोलणं. आपण त्याला राग म्हणतो, वर "अजून माणसाळली नाही" असं दूषण देतो आणि रोज उचलून तिची भीती मोडू पाहतो. भीती मोडत नाही. प्राणी खाणं सोडतो आणि खंगतो.

मात्र नुसतं लपणं आणि आजारपण यांतला फरक कळायला हवा. नव्या घरात पिल्लाने काही दिवस खाल्लं नाही तर एवढं बिघडत नाही. डोळे खोल गेले, कातडीला सुरकुत्या राहू लागल्या, शेपटीच्या मुळाशी हाडं दिसू लागली, नाकपुडीशी बुडबुडे आले किंवा तोंडात चिकट लाळ दिसली, तर मात्र वाट पाहायची नाही. माझी ही यादी मुलीने फ्रिजवर लावली. शेजारीच माझ्या गोळ्यांची यादी होती. एकदा जावयांनी घाईत चुकीची यादी वाचली आणि माझ्या शेपटीच्या मुळाची चौकशी केली.

खरं नवल उष्णतेचं. पेटीच्या एका कोपऱ्यात दिव्यांखाली सपाट दगड असतो, त्याच्या पृष्ठभागाचं तापमान 55 ते 60 अंश सेल्सिअस ठेवतात. ही म्हणाली, "अरे, चंद्रपुरातसुद्धा एवढं नसतं. भाजेल की ती!" भाजत नाही, कारण ती तिथे मुक्काम करत नाही. अंग तापवून घेते (यालाच बास्किंग म्हणतात) आणि गार बाजूला निघून जाते. गार बाजू पंचवीस-सत्तावीस अंशांची असते आणि या दोन टोकांमध्ये ये-जा करत ती आपल्या शरीराचं तापमान आपणच राखते. ऊब कमी पडली तर पोटातलं अन्न पचत नाही, तिथेच सडतं. म्हणजे घोरपड जेवत नसेल तर पदार्थ बदलण्याआधी दिवा तपासावा. नातवाकडे पिस्तुलाच्या आकाराचा एक थर्मामीटर होता, लांबूनच तापमान सांगणारा. त्याने दगड मोजला, तवा मोजला, चहा मोजला आणि एका दुपारी मी डुलकी काढत असताना माझं टक्कल मोजून वहीत नोंदवलं.

त्याशिवाय अतिनील किरणांचा वेगळा दिवा असतो. तो नसेल आणि खाण्यात कॅल्शियम कमी असेल तर हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय फेंगडे होतात. आपल्याकडे मुलांना याच तऱ्हेने मुडदूस व्हायचा. हा शब्द मी नातवाला शिकवला, त्याला तो फार आवडला. पुढे काही दिवस तो येईल त्याला "तुला मुडदूस आहे का?" असं विचारत होता.

विजेवर जगणाऱ्या या जिवांची टेक्सासात एकदा मोठी परीक्षा झाली होती. फेब्रुवारी 2021 मध्ये डॅलसमधला पारा शून्याखाली अठरा-एकोणीस अंशांवर उतरला आणि राज्यातल्या 40 लाखांहून जास्त घरांची वीज गेली. तेव्हाच्या आठवणी प्लेनोतली मंडळी अजून सांगतात. जावयांच्या ओळखीच्या एका घरात कासव म्हणे नवरा-बायकोच्या मध्ये झोपलं होतं. तिकडे समुद्रकाठी साउथ पाड्रे बेटावर थंडीने बधिर झालेली हजारो समुद्री कासवं लोकांनी गाड्यांतून वाहून आणली आणि सभागृहाच्या फरशीवर ओळीने ठेवली. मुलीने पुरी आणण्याआधी बॅटरीची सोय केली, ती या अनुभवामुळे. मला ते तिचं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं.

आता माती. दुकानातल्या पेट्यांत जेमतेम बोटभर भुसा असतो आणि वर जाळी. दिव्यांच्या उष्णतेने आतली हवा खडखडीत कोरडी होते. सवाना म्हणजे कोरडी, असा लोकांचा समज असतो. पण ही घोरपड कोरड्या दिवसांत जमिनीखाली बिळात असते आणि बिळातली हवा दमट असते. म्हणून हिला किमान दोन फूट ओलसर माती लागते, खणायला आणि श्वासातून पाणी न गमवायला. पाणी सतत कमी पडत राहिलं की मूत्रपिंडं थकतात. सरपटणारे प्राणी नत्र बाहेर टाकतात ते बहुतांशी युरिक ॲसिडच्या रूपात. ते साठलं की सांध्यांत आणि आतल्या अवयवांवर खडे जमतात. याला गाऊट म्हणतात आणि तो मलाही आहे. नातवाला हे कळलं तेव्हा त्याची माझ्यावरची माया एकदम वाढली. तो सकाळी पुरीच्या मातीवर पाणी फवारायचा आणि परत जाताना माझ्यापुढे पेला ठेवायचा.

कात टाकतानाही हाच दमटपणा उपयोगी पडतो. घोरपडीची कात सापासारखी अखंड निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी सुटते. हवा कोरडी असली की बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला जुन्या कातडीची कडी राहून जातात, ती आवळत जातात आणि रक्त पोचेनासं झालं की बोटाचं टोक गळून पडतं. ओढून काढायची नाही, ओल द्यायची आणि वाट पाहायची.

खाणं हा आमच्या हिचा प्रांत, त्यामुळे तिथे संघर्ष अटळ होता. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळं सांगितलं होतं. कोणी म्हणे उंदीर द्या, कोणी म्हणे कुत्र्याचा डबा. उंदीर सोपा: बर्फात गोठवलेला मिळतो, एक दिला की काम झालं. पण डॅनियल बेनेट नावाच्या अभ्यासकाने घानाच्या किनारी मैदानात या घोरपडींचा माग काढला, तेव्हा पिल्लांच्या खाण्यात मुख्यत्वे रातकिडे आढळले. मोठेपणीही ती प्रामुख्याने बिनकण्याच्या जिवांवर जगते. चरबीदार उंदरांवर पोसलेली, हिंडायला जागा नसलेली घोरपड गुबगुबीत दिसते, लोक "काय तब्येत आहे!" म्हणतात, आणि आत यकृतावर चरबी साठत असते. बाळसं पाहून खूश होणारा आपला समाज. त्याला हे समजावणं कठीण.

तर घरात जिवंत रातकिडे आले. डबाभर. ही शाकाहारी. तिने पहिल्या दिवशी जेवण सोडलं, दुसऱ्या दिवशी डब्यात डोकावली आणि विचारलं, "पण हे काय खातात?" नातवाने सांगितलं की पुरीला देण्याआधी रातकिड्यांना चांगलं खाऊ घालायचं असतं, म्हणजे त्यांच्या पोटातलं सत्त्व तिला मिळतं. झालं. तिला आपलं काम सापडलं. गाजराच्या चकत्या, पालेभाजीची कोवळी पानं, रताळ्याच्या फोडी रोज सकाळी डब्यात जाऊ लागल्या. एका चतुर्थीला रातकिड्यांसाठी मोदकाचा तुकडा बाजूला ठेवलेला मी पाहिला. हे धष्टपुष्ट रातकिडे नातू कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून पुरीपुढे सोडायचा. त्यांतले काही निसटायचे आणि रात्रभर सोफ्याखाली गायचे. आम्हाला पहिल्यांदा शांत झोप लागली ती त्या आवाजात. प्लेनोच्या रात्री फार मुक्या असतात.

पुरीच्या गळ्याची सारखी होणारी वर-खाली हालचाल पाहून हिला दम्याची शंका आली होती. तो दमा नसतो. घोरपड गळा फुगवून हवा फुप्फुसांत ढकलते. त्यामुळे इतर सरड्यांना पळताना श्वास पुरत नाही तसं तिचं होत नाही. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी तर 2013 च्या अखेरीस दाखवून दिलं की याच सवाना घोरपडीच्या फुप्फुसांत हवा बरीचशी एकाच दिशेने वाहते, पक्ष्यांत वाहते तशी.

डॉक्टरही साधे चालत नाहीत, विदेशी प्राण्यांचे वेगळे. त्यांनी पुरीला स्वयंपाकघरातल्या काट्यापेक्षा थोड्या मोठ्या काट्यावर तोललं, तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं आणि विष्ठा तपासायला पाठवली. आफ्रिकेतून आलेल्या पिल्लांच्या पोटात जंत असतातच म्हणा ना. त्यावर औषध मिळालं. बिल पाहून मी रुपयांत हिशेब करायचं टाळलं. माझ्या प्रवासी विम्यात जुन्या दुखण्यांना जागा नव्हती आणि पुरीची सगळी दुखणी कागदोपत्री नवी होती, एवढं मनात नोंदवलं.

सोवळ्याचा विषय मात्र हिच्या बाजूने लागला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सांगतं की त्यांना स्वयंपाकघरात आणू नका, त्यांची भांडी तिथे धुऊ नका, हात लावला की साबणाने धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांनी आणि 65 च्या पुढच्यांनी जास्त जपावं. आपण पन्नास वर्षं हेच सांगत आलो, असं हिने जाहीर केलं. केंद्राचं नाव तिने माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, पुण्यातल्या जावांना सांगायला.

नातवाला मी यशवंतीची गोष्ट सांगितली नसती तर मराठी आजोबा म्हणून माझी धडगत नव्हती. सिंहगड, तानाजी, कडा, कमरेला दोर बांधलेली यशवंती घोरपड, ती आधी मागे फिरते, लोक तो अपशकुन मानतात, तानाजी तिला दरडावतो, सगळं रंगवून सांगितलं. त्याने तारीख विचारली. 4 फेब्रुवारी 1670, म्हटलं, माघ वद्य नवमी. "रात्री?" रात्री. तो थोडा वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, मग तिला अपशकुन नव्हता. तिला थंडी वाजत होती. तिनं बास्किंग कुठं केलं होतं?" बहुतेक इतिहासकार पोवाड्यातल्या या घोरपडीवर विश्वास ठेवत नाहीत, पण त्यांच्यापैकी कोणी तिच्या तब्येतीचा विचार केल्याचं माझ्या वाचनात नाही. कडा मावळे चढले, हे नातवाने निःशंकपणे मान्य केलं. घोरपडीला मात्र त्याने त्या रात्री बिळात ठेवलं.

ती माणसाला ओळखते का, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. अक्कल तर तिला नक्की आहे. डॅलसच्याच प्राणिसंग्रहालयातल्या आठ तरुण काळ्या-गळ्याच्या घोरपडींपुढे संशोधकांनी पारदर्शक नळी ठेवली होती, आत खाऊ आणि बाजूला बिजागरीची दारं. आठही जणींनी पहिल्याच खेपेला दहा मिनिटांच्या आत दार उघडून खाऊ मिळवला, दुसऱ्या खेपेला आणखी लवकर. 2008 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुरीही पुढे नातवाच्या पावलांवर बिळातून डोकं काढू लागली, दुभंगलेली जीभ हलवून हवा चाखू लागली आणि एके दिवशी त्याच्या स्थिर ठेवलेल्या हातावरून आपणहून चालत गेली. हाताशी तिचं काम नव्हतं, पलीकडच्या गोगलगाईशी होतं. नातू तरी दिवसभर हवेत होता. याला प्रेम म्हणायचं की नाही यावर घरात दोन पक्ष पडले. मी तिसऱ्या पक्षात आहे: ती त्याला धोका समजत नाही, आणि घोरपडीकडून एवढं मिळणं पुष्कळ झालं.

माझं मत विचाराल तर हा प्राणी मुलांच्या खोलीत ठेवायचा नाहीच. आठ फुटी घर, दोन फूट माती, दिवे, बॅटरी आणि तज्ज्ञ डॉक्टर हे सगळं करणारं घर शंभरात एखादं. बाकीच्या घरांत पुरीच्या बहिणी कोरड्या काचेत, उंदीर खात, लवकर मरतात. दुकानात किंमत लिहितात ती फक्त प्राण्याची. त्याच्या जगण्याची किंमत लिहिली असती तर विक्री बसली असती. नातू कॉलेजला जाईल तेव्हा पुरी ऐन भरात असेल, मग तिचं कोण करणार, हे मी जावयांना विचारलं. जावई सासऱ्याला देतात तसं आदरपूर्वक मौन त्यांनी मला दिलं.

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. ती पाळणं, मारणं, विकणं गुन्हा आहे आणि शिकारीला किमान तीन वर्षांचा तुरुंगवास आहे. पूर्वी तिचं कातडं दिमडीवर चढायचं, तेल सांधेदुखीवर विकलं जायचं. आजही "हाथाजोडी" नावाचं भाग्यवान मूळ म्हणून जे विकतात, ते मूळ नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. 2017 मध्ये देशभर धाडी पडल्या तेव्हा हे उघड झालं. तिजोरीत कोणी ठेवलं असेल तर एकदा आठवून पाहावं.

परसात, गोठ्यात, विहिरीच्या कठड्यावर घोरपड दिसली तर तिला दूध ठेवू नका, काठी घेऊ नका, मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका. कुत्रं बांधा आणि वाट मोकळी ठेवा. ती आपणहून जाते. घरात अडकली असेल किंवा जखमी असेल तर महाराष्ट्र वनविभागाचा 1926 हा क्रमांक फिरवा.